शाकाहारी आहे म्हणून गिनी पिग घरी आणू नका



गेल्या पंधरा दिवसांत तिघींनी मला एकच प्रश्न विचारला. एकीने स्थानकात सामायिक पाळून झाल्यावर, एकीने भाजीबाजारात, आणि एकीने मुद्दाम फोन करून. "तुमच्याकडे ते गिनी पिग आहे ना, कुठून आणलंत? आमच्या मुलानेही हट्ट धरलाय. आणि ते म्हणे पूर्ण शाकाहारी असतं, मग आपल्या घरात चालायला काय हरकत?"

तिघींनाही मी "सांगते नंतर" म्हणून टाळलं. खरं उत्तर द्यायचं तर माझीच चूक आधी सांगावी लागली असती आणि बाजारात उभं राहून ती सांगायची हिंमत झाली नाही. आज सगळ्यांसाठी एकदमच लिहिते.

आणू नका. आणि का आणू नका, ते पुढे वाचा.

यंदा होळीनंतर नातवाच्या वाढदिवसाला त्याच्या मामाने संभाजीनगरहून दोन गिनी पिग आणले. दोन्ही माद्या. एक पांढरी, तिचं नाव मोती. दुसरी तपकिरी, ती चिंगी. मी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग दुसऱ्याच दिवशी विरघळले. इवलंसं तोंड, गवताची काडी धरून कुरकुर खाणं, फ्रिज उघडला की शिट्टीसारखं ओरडणं. कुत्रा नाही, मांजर नाही, त्यामुळे घरात मांस-अंड्याचा प्रश्न नाही. मी शेजारणीला अभिमानाने सांगितलं, "आमच्याकडे जैन प्राणी आलाय."

मे महिन्यात मंठ्याचं ऊन कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको. पारा चाळिशीच्या पुढे. या जीवाचं मूळ घर दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात, थंड हवेच्या उंच प्रदेशात आहे. साधारण १८ ते २४ अंश त्याला मानवतं. ना आपल्यासारखा घाम येतो, ना पळून सावली गाठता येते, कारण पिंजऱ्याचं दार आपण लावलेलं असतं. एका दुपारी लाइट गेली, कूलर बंद पडला, आणि आम्ही सगळे एका लग्नाला गेलेलो. परत आलो तेव्हा चिंगी आडवी पडली होती. नातू दोन दिवस जेवला नाही. आम्ही म्हटलं, आयुष्य तेवढंच होतं. असं म्हटलं की मनाला बरं वाटतं.

पण खरी गोष्ट पुढची आहे.

चौमासी पक्खीपासून आमच्या घरात लीलोतरी बंद असते. माझ्या सासूबाईंपासूनचा नियम, चार महिने हिरवी भाजी घरात येत नाही. कडधान्य, डाळी, पापड, वड्या यावर घर चालतं. मोतीलाही तेच. ज्वारीची भाकरी, भिजवलेले हरभरे, दुकानातून आणलेला कोरडा दाणा. पोट भरत होतं. मला तर मनातून कौतुकच वाटत होतं, की बघा, आमच्या घरातलं जनावरही चातुर्मास पाळतंय.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ती लंगडायला लागली. हात लावला की किंचाळायची. मग उठेनाशीच झाली. भाकरीचा तुकडा तोंडाजवळ धरला तरी मान फिरवायची. गुरांच्या दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "मी गाई-म्हशी, शेळ्या बघतो, हा प्राणी मी कधी तपासलेला नाही, जालन्याला दाखवा." जालना गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी हिरड्या पाहिल्या आणि पहिला प्रश्न विचारला, "हिला हिरवं काय देता?"

मी म्हटलं, "काही नाही. चातुर्मास आहे."

ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी समजावून सांगितलं. गाय, कुत्रा, मांजर, उंदीर या सगळ्यांचं शरीर ‘क’ जीवनसत्त्व स्वतः तयार करतं. माणसाचं करत नाही आणि गिनी पिगचंही करत नाही. ते रोजच्या रोज बाहेरून, ताज्या हिरव्यातून किंवा फळातून मिळावं लागतं. नाही मिळालं तर स्कर्व्ही होतो. सांधे सुजतात, हिरड्यांतून रक्त येतं, आणि प्राणी दुखून दुखून मरतो. १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिश या दोन शास्त्रज्ञांनी गिनी पिगना नुसतं धान्य आणि पाव खायला घालून नेमका हाच रोग त्यांच्यात निर्माण केला होता. पुढे ‘क’ जीवनसत्त्वाचा शोध लागला, त्याची वाट तिथून सुरू होते.

बहिणींनो, त्या प्रयोगशाळेत जे मुद्दाम केलं गेलं, ते मी माझ्या देवघराच्या शेजारच्या खोलीत, व्रताच्या नावाखाली केलं.

त्या संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसले. पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार आपण किती वर्षं म्हणतो आहोत? बंध, वध, छविच्छेद, अतिभार, आणि भक्तपानविच्छेद. म्हणजे जीवाला कोंडणं-बांधणं, मारणं, त्याचे अवयव कापणं, जास्त ओझं लादणं, आणि त्याचं अन्नपाणी तोडणं. मी रोज म्हणत होते आणि मला वाटत होतं, हे कसायाबद्दल असेल, गाडीवानाबद्दल असेल. पाचातले दोन माझ्या घरात, माझ्या हातून, रोज घडत होते. पहिला आणि पाचवा. पिंजरा म्हणजे बंध. आणि माझ्या त्यागाची शिक्षा तिला, हा भक्तपानविच्छेद.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेरू आणि कोथिंबीर आणली. चातुर्मासात. बाजारात दोघींनी पिशवीकडे पाहिलं, एकीने विचारलंही. मी म्हटलं, "त्याग माझा आहे, तिने पच्चक्खाण घेतलेलं नाही." डॉक्टरांनी दिलेले थेंब आणि पेरूच्या फोडी यांवर मोती दोन-तीन आठवड्यांत उभी राहिली. अजून थोडी लंगडते.

आता तुम्ही म्हणाल, मग काय, पेरू द्यायचा, झालं. माझा वाद इथूनच पुढे आहे.

पेरू झाडावरून तोडला, कोथिंबीर मुळासकट उपटली, चिरली. एकेंद्रिय जीवांची हिंसा झाली. अष्टमी, चौदस, पर्युषणाचे आठ दिवस, संवत्सरी, कुठल्याही दिवशी ती टाळता येत नाही, कारण न दिलं तर पंचेंद्रिय जीव तडफडतो. हा प्राणी नीट सांभाळला तर पाच ते आठ वर्षं जगतो. म्हणजे पाच ते आठ चातुर्मास. आपण एक पिंजरा घरात आणतो तेव्हा आपल्या सगळ्या तिथी आणि सगळे त्याग त्याच्याकडे गहाण टाकतो. एकीकडे एकेंद्रियाची हिंसा, दुसरीकडे पंचेंद्रियाची उपासमार, आणि मधून निघायला वाट नाही. ही कोंडी कुणी आपल्यावर लादलेली नाही. आपण पैसे मोजून ती विकत घेतो.

आणि हा जीव रात्रभर खातो. त्याच्या पोटाची रचनाच तशी आहे, गवत सतत आत जात राहिलं पाहिजे. दात आयुष्यभर वाढतात, ते गवत चावूनच झिजतात. एक दिवस जरी खाणं थांबलं तरी जिवावर बेततं. आपल्या घरात चौविहार झाल्यावर सगळं झाकपाक होतं. त्याच्यासमोर मात्र रात्री गवत आणि पाणी ठेवावंच लागतं. सांडलेल्या दाण्याला मुंग्या लागतात. ओल्या भुशात किडे होतात. पिंजरा धुताना जयणा कशी पाळायची, ती घाण परठवायची कुठे, हे मी रोज करते म्हणून सांगते, महिन्याभरात मुंग्यांचा खडू ओढावा की काय इथपर्यंत विचार जातो.

यावर जी उत्तरं मला मिळतात, ती एकेक करून घेते.

पहिलं उत्तर, "मुलांना जीवदया शिकवायला बरं."

मला सांगा, दुकानात जाऊन, दोनातला गोंडस कोणता ते निवडून, पैसे देऊन, खोक्यात भरून आणलेल्या जीवाकडे बघून मूल काय शिकतं? जीव विकत मिळतो, हे शिकतं. तो माझा आहे, हे शिकतं. कंटाळा आला की आई बघेल, हेही शिकतं. आमच्या नातवाचा उत्साह सव्वा महिना टिकला. त्यानंतर पिंजरा माझ्याकडे आला.

मेघकुमाराची कथा आपण मुलांना सांगतो. वणव्यात सगळी जनावरं मोकळ्या मैदानात दाटीवाटीने उभी. हत्तीने अंग खाजवायला पाय उचलला, तेवढ्या जागेत एक ससा येऊन बसला. अडीच दिवस हत्तीने पाय खाली ठेवला नाही, आणि शेवटी त्यातच प्राण सोडले. त्या हत्तीने सशाला पाळलं नव्हतं. त्याला जागा दिली होती, आणि वणवा विझल्यावर ससा आपल्या वाटेने निघून गेला. अनुकंपा ती. ससा हत्तीचा झाला नाही.

दुसरं उत्तर, "आपल्याकडे पूर्वीपासून गाई-बैल होतेच की. आनंद श्रावकाकडे तर दहा-दहा हजार गाईंची चार गोकुळं होती."

होती. आणि भगवंतांसमोर त्याने काय केलं? मर्यादा घातली. यापुढे आणखी नाही, असं व्रत घेतलं. परिग्रह-परिमाणात द्विपद-चतुष्पदांची गणना जमीन आणि सोन्याच्या ओळीत येते, हे आपण विसरतो. घरातलं जनावर हा परिग्रह आहे. दुसरं म्हणजे ती गाय सकाळी रानात जायची, कळपात राहायची, तिचं ऊन-पाऊस या मातीतलंच होतं. दोन फुटी पिंजऱ्यात, चाळीस अंशांत, एकट्या पडलेल्या परदेशी जीवाची तिच्याशी तुलना कशी होणार?

एकटं ठेवणं हीसुद्धा लहान गोष्ट नाही. हे कळपात राहणारे जीव आहेत. स्वित्झर्लंडने २००८ पासून गिनी पिग एकटं ठेवायला कायद्याने बंदी केली. त्या देशात अहिंसा अणुव्रत कुणी घेतलेलं नाही, तरी त्यांना हे सुचलं. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही, नीट हालचाल करता येणार नाही एवढ्या लहान पिंजऱ्यात प्राणी ठेवणं हा गुन्हाच आहे. बाजारात मिळणारे रंगीत पिंजरे मोजून बघा एकदा.

तिसरं उत्तर, "एकटं ठेवू नये तर जोडी आणू." आमच्याच गल्लीत एका घरी ‘दोन्ही माद्या’ म्हणून दिलेली जोडी नर-मादी निघाली. गर्भ दोन-सव्वादोन महिन्यांचा असतो. व्यायल्यावर त्याच दिवशी मादी पुन्हा गाभण राहू शकते, आणि मादी पिल्लंसुद्धा महिना-दीड महिन्यात वयात येतात. चार-पाच महिन्यांत त्या घरात पिंजरा पुरेना. मग पिल्लं कुणाच्या मुलाच्या वर्गमित्राला, कुणाच्या शेतावर. शेतावरचं मांजराने नेलं. कुणी मारलं नाही हो, सगळ्यांनी फक्त ‘दिलं’.

चौथं उत्तर सगळ्यात गोड आहे. "आपण नेलं नाही तर त्याचं दुकानात हालच होणार. आपण सोडवून आणतोय, हे अभयदानच."

मग दुकानदार काय करतो? पिंजरा रिकामा झाला की दुसरी जोडी मागवतो. आपले पैसे त्या जोडीच्या पैदाशीला लागतात. पंधरा कर्मादानांत असतीपोषण आहे. आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात त्याचा अर्थ सांगताना पोपट, मैना, मांजर, कुत्रा असे जीव कमाईसाठी पोसणं त्यातच धरलं आहे. जो धंदा करायला श्रावकाला मनाई आहे, त्या धंद्याचं गिऱ्हाईक व्हायला मोकळीक कशी असेल? हाच न्याय आपण चामड्याच्या आणि रेशमाच्या बाबतीत लावतो ना?

अभयदान कसं असतं ते दिल्लीला चांदणी चौकात लाल मंदिराच्या आवारात बघा. तिथे पक्ष्यांचा दवाखाना आहे. जखमी पाखरं येतात, उपचार होतात, आणि बरी झाली की आकाशात सोडली जातात. उपकार केला म्हणून पाखरू आपलं होत नाही.

पाचवं उत्तर, "पण आम्ही त्याच्यावर पोटच्या पोरासारखं प्रेम करतो."

मान्य. मीही करते. जुलै २०२५ मध्ये नांदणी मठाच्या महादेवी हत्तिणीला न्यायालयाच्या आदेशाने वनताराला नेलं, तेव्हा कोल्हापूर भागातल्या आपल्या लोकांनी डोळ्यांत पाणी आणून तिला निरोप दिला. ते प्रेम खोटं नव्हतं. तो निर्णय बरोबर की चूक, हा वाद मी इथे काढत नाही. पण त्या खटल्यात जो प्रश्न पुढे आला, तो आपल्या प्रत्येक पिंजऱ्याला लागू आहे. आपलं प्रेम मोठं की त्या जीवाचं जगणं मोठं? आपल्या प्रेमाचं वजन आपण आपल्या तराजूत करतो. त्याचा तराजू त्याच्याकडे असता, तर त्याने काय मोजलं असतं?

नेमिनाथ भगवंतांचं लग्न आठवा. राजीमतीच्या दारात वरात निघालेली, आणि वाटेत वाड्यांत नि पिंजऱ्यांत कोंडलेले भेदरलेले पशू. हे का कोंडलेत, एवढाच प्रश्न त्यांनी सारथ्याला विचारला, आणि उत्तर ऐकल्यावर अंगावरचे दागिने उतरवून त्याला दिले. पुढे लग्न झालं नाही. मंठ्याहून जिंतूर काय लांब आहे? नेमगिरीवर आपण सगळ्या मुलांना घेऊन जाऊन आलो आहोत. तिथे हात जोडायचे आणि घरी येऊन पिंजऱ्याची कडी लावायची, हे मला आता जमत नाही.

मग मुलांसाठी करायचं काय? मुलाच्या हातून चैत्र-वैशाखात गच्चीवर पाण्याचं मातीचं भांडं ठेवा आणि ते रोज भरायची जबाबदारी त्याच्यावर टाका. गोशाळेत न्या, आणि फोटो काढून परत न येता तिथे त्याला चारा घालू द्या. वळचणीला चिमणीने घरटं केलं तर दिवाळीच्या साफसफाईत ते काढू नका आणि का काढलं नाही ते सांगा. जीव येतो, खातो, जातो, आणि आपला होत नाही. मुलाला हीच गोष्ट शिकायची आहे.

आणि ज्यांच्याकडे आधीच आणलेला आहे, त्यांनी हे वाचून घाबरून त्याला शेतात सोडू नका. ती दया नव्हे. मांजर, मुंगूस, कावळा आणि ऊन यांच्यापुढे तो एक दिवसही टिकणार नाही. आणला तो आपला दोष. आता त्याचं शेवटपर्यंत करणं हेच प्रायश्चित्त. वाळलेलं गवत रात्रंदिवस समोर ठेवा. रोज पेरूची फोड, ढोबळी मिरची, कोथिंबीर द्या, तिथी असो वा पर्युषण. कांदा, लसूण, बटाटा त्याला वर्ज्यच, तेवढं तरी आपल्या घराशी जुळतं. भाकरी आणि दाण्यावर ठेवू नका. उन्हाळ्यात फरशीवर, ओल्या पडद्याच्या आड ठेवा, आणि लाइट जाते तेव्हा घरात कुणीतरी असू द्या. मुलांचं उरलेलं औषध पाजू नका. पेनिसिलीन जातीची औषधं त्याच्या जिवावर बेततात. नर-मादी वेगळे ठेवा. यात्रेला जायचं असेल तर आधी त्याची सोय, मग तिकीट. आणि ते गेल्यावर रिकामा पिंजरा पुन्हा भरू नका.

आम्ही मोतीसाठी मधली खोली मोकळी केली आहे. पिंजऱ्याचं दार उघडंच असतं. दुसरी आणून तिचं एकटेपण मिटवावं का, हा प्रश्न मला रोज पडतो. आणली तर दुकानदाराला पुन्हा पैसे, नाही आणली तर हिचं एकटेपण. ज्यांच्या घरी नकोशी झालेली मादी आहे, अशा एखाद्या घराच्या शोधात मी आहे. तुमच्या माहितीत असेल तर कळवा. विकत मात्र घेणार नाही.

चिंगीची, मोतीची, आणि ज्यांना मी कौतुकाने "जैन प्राणी" म्हणून सांगितलं त्या सगळ्यांची, मिच्छामि दुक्कडं.